मदत हवी आहे: संशोधन आराखड्यातली रचना तपासताना नेमकं काय बघावं?

पाटीकोरी
एक आराखडा अभिप्रायासाठी आला आहे. विषय : वाचन-आकलनाची नवी अध्यापन पद्धत. प्रायोगिक गट म्हणजे एक तुकडी, ३० मुलं. नियंत्रित गट म्हणजे शेजारची तुकडी, तीही ३० मुलांची. पूर्वचाचणी, आठ आठवडे अध्यापन, मग तीच प्रश्नपत्रिका उत्तरचाचणी म्हणून. विश्लेषणात प्रत्येक गटाची वेगळी पूर्व-उत्तर टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारी चाचणी). भाषा, संदर्भ, वेळापत्रक नेटकं आहे. रचनेबद्दल 'नमुना लहान आहे' एवढं लिहून भागेल का?

गृहीतक
नाही भागणार. तो इथला दुय्यम दोष आहे. आधी विचारा, वाटप कशाचं झालं? मुलांचं की तुकडीचं? इथे तुकडीचं झालंय, म्हणजे प्रत्येक बाजूला एकक (स्वतंत्रपणे वाटलेली गोष्ट) एकच. शिक्षक, तासिकेची वेळ, तुकडीची आधीची तयारी हे सगळं पद्धतीला चिकटून येतं. उत्तरचाचणीत फरक दिसला तर तो पद्धतीचा की शिक्षकाचा, हे सांगायची सोयच नाही. मुलं ३० वरून ६० केली तरी एकक एकच राहतं. हा दोष सांख्यिकीने भरून निघत नाही, म्हणून अभिप्रायात तो सर्वात वर लिहा.

संख्यारेषा
+१. आकडे असे पडताळा. दोन गटांची सरासरी ताडायची, सार्थकता पातळी ५% (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याचा धोका), सामर्थ्य ८०% (फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) : प्रत्येक गटात लागणारी संख्या साधारण १६ भागिले परिणामाचा वर्ग. परिणाम म्हणजे सरासरींतला फरक, प्रमाण विचलनाच्या (गुण किती विखुरलेत त्याच्या मापाच्या) पटीत. परिणाम अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा अपेक्षित असेल तर १६ ÷ ०.२५ = ६४. उलट बाजूने, गटात ३० असतील तर साधारण ०.७३ पेक्षा लहान परिणाम निसटण्याचा धोका मोठा.

हे झालं मुलांचं एकेकटं वाटप केलं तर. तुकड्या वाटल्या तर त्या ६४ ला १ + (तुकडीतली मुलं − १) × आंतरवर्ग सहसंबंध (एकाच तुकडीतल्या मुलांचे गुण एकमेकांशी किती मिळतेजुळते असतात त्याचं माप) याने गुणायचं. सहसंबंध ०.१ धरला तर १ + २९ × ०.१ = ३.९. म्हणजे सुमारे २५० मुलं, प्रत्येक बाजूला नऊ तुकड्या. एखादी मधेच गळते, म्हणून दहा. आराखड्यात हा सहसंबंध कुठून घेतला ते लिहिलेलं नसेल तर नमुन्याचा आकडा अंदाजपंचे आहे असं समजा.

तिरपी_रेघ
विश्लेषणातली चूक कोणी धरली नाही अजून. प्रायोगिक गटात सार्थक वाढ आणि नियंत्रित गटात सार्थक नाही, यावरून दोन गटांत सार्थक फरक आहे असं ठरत नाही. एकाचं पी मूल्य (टी-टेस्टमधून येणारा आकडा, ०.०५ पेक्षा कमी असला की 'सार्थक' म्हणतात) ०.०४ आणि दुसऱ्याचं ०.०७ असेल तर दोन्ही गटांची वाढ जवळपास सारखीही असू शकते. तुलना थेट गटागटांत हवी : उत्तरचाचणीचे गुण, पूर्वचाचणी सहचल म्हणून (म्हणजे तिच्यातला आधीचा फरक हिशोबात धरून), आणि वाटप तुकड्यांचं असेल तर तुकडीची पातळीही सांख्यिकी प्रतिमानात (मॉडेलमध्ये).

तीच प्रश्नपत्रिका दोनदा दिली की उतारे ओळखीचे होतात. समांतर प्रश्नपत्रिका करून अर्ध्या मुलांना आधी 'अ', अर्ध्यांना आधी 'ब' द्यावी. तपासणाऱ्याला गट कळता कामा नये. वर्णनात्मक उत्तरं असतील तर काही उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासून दोघांचं किती जुळतं ते नोंदवावं.

अवांतर : 'यादृच्छिक निवड' हा शब्द दिसला की कृती शोधा. हजेरीपटावरचे सम-विषम क्रमांक म्हणजे यादृच्छिक नव्हे. पुढचं नाव कुठल्या गटात जाणार ते आधीच कळतं.

पाटीकोरी
खूप आभार. पण वीस तुकड्या मिळणं शक्य नाही. मग नाकारायचा का? दोन्ही तुकड्यांना आलटून-पालटून दोन्ही पद्धती दिल्या तर?

गृहीतक
पालटून चालणार नाही. शिकलेलं पुसलं जात नाही, पहिल्या पद्धतीचा परिणाम दुसऱ्या टप्प्यात उतरतो. दोन वाटा आहेत. एक, दोन्ही तुकड्यांत चिठ्ठ्या टाकून मुलं वाटायची आणि गटांच्या तासिका वेगळ्या ठेवायच्या. चिठ्ठ्या अध्यापन न करणाऱ्याने काढाव्यात. दोन्ही गटांना एकच शिक्षक ठेवला तर नवी पद्धत जुन्या तासातही झिरपते, त्यामुळे काही तासांचं निरीक्षण आराखड्यात हवं. ६० मुलांत मध्यम परिणाम पकडता येईल का, हे पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या सहसंबंधावर ठरेल. तो ०.७ असेल तर ६४ ची गरज ०.५१ पटीने, म्हणजे ३३ वर येते. ३०-३० जेमतेम जवळ पोचतं.

दुसरी वाट, दोनच तुकड्या ठेवायच्या पण प्रश्न बदलायचा : पद्धत ठरल्याप्रमाणे राबवता येते का, तासिका पुरते का, किती मुलं गळतात. मग शीर्षकातून 'परिणामकारकता' काढायला सांगा आणि टी-टेस्टही. 'नाकारा' लिहिण्याऐवजी 'यापैकी एक निवडून पुन्हा सादर करा' असं लिहा.