'बॅटरी स्टोरेज'साठी शब्द हवा

मुलुंडकर:
सोसायटीच्या फलकावर मराठी सूचना लावायची आहे. जनरेटर काढून लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी लिथियमची बॅटरी बसवतोय. मी लिहिलं, 'विद्युतघट ऊर्जा साठवणूक यंत्रणा'. तळमजल्यावरच्या काकूंनी कच्चा कागद वाचून विचारलं, "विजेत घट होणार? मग लिफ्ट बंद का?" काय लिहू? रविवारी सभा आहे.

शेंगदाणा:
काकूंचं काय चुकलं? तो घट आणि ती घट, समासात गेले की ओळखायचे कसे?

जुनी शाई:
आम्ही शाळेत एकटा तो घट आणि जोडले की घटमाला असं शिकलो. फ्रँकलिनने अठराव्या शतकात लायडन बरण्या (वीज साठवायच्या काचेच्या बरण्या) रांगेने जोडल्या आणि तोफांच्या रांगेवरून त्यांना बॅटरी म्हटलं. बरण्या म्हणजे घटच की! घटमाला लिहा, काकूंना फार तर नवरात्र आठवेल.

गिरगाव चौपाटी:
इतकं कशाला? विजेरी म्हणा.

शेंगदाणा:
विजेरी म्हणजे टॉर्च हो. आणि आमच्या घरी टॉर्चलाच बॅटरी म्हणायचे, "बॅटरी मार जरा इकडे."

वायरमन:
नाव काहीही ठेवा, पण सूचनेत नुसतं 'क्षमता 20' लिहू नका. 20 काय? एका वेळी किती भार ओढेल ते किलोवॅट, किती वेळ पुरेल ते किलोवॅट-अवर, म्हणजे बिलातलं युनिट. 20 युनिटची बॅटरी 5 किलोवॅटचा भार कागदावर चार तास ओढते. पण इन्व्हर्टरच 5 किलोवॅटचा असेल तर बॅटरी कितीही मोठी आणा, जड लिफ्ट आणि पंप एकदम चालायचे नाहीत. मोटर सुरू होताना जो झटका घेते तो वेगळाच. भांडणं इथे होतात, शब्दावरून नाही.

जुनी शाई:
शब्दावरूनही होतात. 'साठवणूक' वाचलं की गोदामावर छापा पडल्यासारखं वाटतं. साठवण म्हणा, साठवण लोणच्याचीही असते.

मुलुंडकर:
म्हणजे 'बॅटरी साठवण' चालेल?

गिरगाव चौपाटी:
अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी! घाटघरच्या 250 मेगावॅटच्या प्रकल्पाचं सरकारी नाव बघा: उदंचन. मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. साठवणच ती, बॅटरीशिवाय. धीर केला तर शब्द मिळतो.

शेंगदाणा:
मिळतो, पण उदंचन म्हणजे काय ते तुम्हालाच सांगावं लागलं ना?

वायरमन:
'आयलंडिंग'ला काय म्हणाल मग? ग्रिड कोसळलं की मुंबई बाजूला तोडून स्वतःच्या विजेवर चालवायची, ते. 12 ऑक्टोबर 2020 ला ते टिकलं नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. शहरात मोठ्या बॅटऱ्या हव्यात ही चर्चा उगाच होत नाही. वीज बनवणारे संच सावरेपर्यंतची मधली काही मिनिटं त्या धरू शकतात.

गिरगाव चौपाटी:
विलगीकरण. सरळ शब्द आहे.

शेंगदाणा:
2020 मध्ये? त्या वर्षी अख्खी चाळ विलगीकरणात होती! मला तर 'अलग' बरा वाटतो.

गिरगाव चौपाटी:
अलग हिंदी.

जुनी शाई:
कुणी सांगितलं? संस्कृत 'अलग्न'वरून आलाय तो, आपल्याकडेही जुनाच असणार. कोशात बघून सांगते, पण पहिला खंड भावाकडे डोंबिवलीला आहे.