मदत हवी आहे: नववीतला मुलगा सिगारेट ओढतोय, शाळेत जाऊन नेमकं काय बोलू?

नमस्कार. मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मुलगा चौदा वर्षांचा. सातवीपर्यंत गावातल्याच शाळेत होता, आठवीपासून एसटीने मोठ्या शाळेत जातो. दहा दिवसांपूर्वी गणवेश धुताना शर्टाच्या बाहीला जळाल्याचं बारीक भोक दिसलं, खिशात बडीशेपेची पुडी. आधी नाही म्हणाला, मग रडला. चार महिने झाले म्हणे. त्याच्या वडिलांनी हात उचलला. त्या दिवसापासून तो घरात कुणाशी धड बोलत नाही.

दोन दिवसांनी भांडी घासताना माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूहळू सगळं सांगितलं. आठवीत पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी विचारलं. हा उभा राहून म्हणाला, "माले माहीत नही." घरी आम्ही अहिराणीच बोलतो, तोंडातून तेच निघालं. वर्ग हसला, सरही हसले. तेव्हापासून मुलं त्याला 'माले' म्हणतात. दीड वर्ष झालं. गणित त्याच्या आवडीचं, पण तासाला हात वर करणं त्याने सोडूनच दिलं, आणि मला वाटत होतं मोठ्या शाळेचा अभ्यास जड जातोय.

दुसरं, बसचं. शाळा सात वीसला भरते आणि एसटी कधी सव्वासातला पोहोचते, कधी पावणेआठला. उशीर झाला की फाटक बंद, पहिला तास बाहेर. चार-पाच गावांची दहा-बारा पोरं अशी रोज बाहेर उभी असतात, त्यात दहावीचीही आहेत. मी परवा जाऊन मोजलं. फाटकापासून टपरी साठ पावलांवर आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, अठरा वर्षांखालच्याला तर कुठेच विकता येत नाही. तरी सुटी सिगारेट मिळते. एक घेतात आणि चौघं ओढतात.

मी विचारलं, काय मिळतं रे त्यात? म्हणाला, "तठे माले कोनी हासत नही."

हे ऐकल्यापासून मला झोप नाही. आमचीही चूक आहेच. सासऱ्यांना बिडीचं बंडल आणायला आम्ही त्यालाच पाठवायचो. पण आता शाळेत जाऊन सिगारेटचं बोलले तर दाखला हातात देतील अशी भीती वाटते. की शाळाच बदलू? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

तापीकाठ: ताई, मी धुळे जिल्ह्यात माध्यमिक शाळेत २८ वर्षं शिकवलं. अर्ध्या वर्षात शाळा बदलू नका, नव्या वर्गात तो पुन्हा परकाच होईल. मुख्याध्यापकांच्या आधी वर्गशिक्षकांना भेटा, आणि सुरुवात सिगारेटने नाही, त्या नावाने आणि फाटकाने करा. तुम्ही जे पाहिलंत ते अभ्यासांतही दिसलं आहे. १९९७ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या मुलांना शाळा आपली वाटत होती, शिक्षक आपल्याशी नीट वागतात असं वाटत होतं, त्यांच्यात सिगारेट कमी आढळली. अर्थात उलटही घडतं, ओढायला लागलेलं पोर वर्गापासून आणखी लांब जातं. म्हणून थांबू नका. आपल्याकडे २०१९ च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होते. तुमचा मुलगा एकटा नाही, वाईट तर नाहीच.

एक मनातलं लिहितो. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, पुढे छात्रालयही सांभाळलं. पोरांच्या खोल्या स्वतः झाडायचे. त्याच मुलखात खेड्यातलं पोर फाटकाबाहेर उभं राहतं याचं मला शिक्षक म्हणून वाईट वाटतं. बसमुळे होणाऱ्या उशिराबद्दल सगळ्या गावांच्या पालकांनी मिळून शाळेला लेखी द्या, एक प्रत एसटीच्या आगारप्रमुखांना.

भुसावळकर: ताई, मी नववीत असाच बाहेर उभा राहायचो. सुटायला पंचवीस वर्षं लागली. पहिले तीन-चार दिवस फार चिडचिड होते, तेव्हा त्याच्यावर ओरडू नका. तल्लफ येते ती काही मिनिटांची असते. पाणी, शेंगदाणे, एक चक्कर, तेवढ्यात ओसरते. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. फोन त्यालाच लावू द्या. आणि दादांना सांगा, मार खाल्ला की मी घरातून थेट टपरीवरच जायचो.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. आज वर्गशिक्षिकांना भेटले. या वर्षी नवीन आल्यात, 'माले'चं त्यांना माहीतच नव्हतं. माझं ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, माझ्या आईची भाषा अहिराणीच आहे. उशिराचा अर्ज आणायला सांगितलाय. तीन गावांच्या सह्या झाल्या, दोन बाकी आहेत. ह्यांना भुसावळकर दादांचं उत्तर वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण रात्री पोराला घेऊन शेतात पाणी द्यायला गेले. बिडीचं बंडल आता सासरे स्वतः आणतात.

आगारात अर्ज कुणाच्या नावाने करायचा, मजकूर कसा असावा, कुणी लिहून देईल का?