मदत हवी आहे: झोपाळ्याच्या सागवानी फळीला कुठला ग्लू?

ओटीवरचा
गुहागरच्या घरी ओटीवर आजोबांच्या वेळचा झोपाळा आहे. फळी सागाची, पाच फूट बाय पावणेदोन, दोन फळ्या कडेला कड लावून जोडलेल्या. खालून तीन लोखंडी पट्ट्या, स्क्रूने आवळलेल्या. मधला सांधा सुटलाय. मागच्या गणपतीत मीच उघडून पांढरा सुतारी ग्लू भरला, दोरीने आवळून रात्रभर ठेवला. शिमग्याला गेलो तर पुन्हा फट! दोन्ही टोकांना जास्त, मध्ये केसाएवढी.

आता तिघांचे तीन सल्ले. दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ न्या. गावचे सुतार म्हणतात इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा ग्लू) भरा आणि विसरा. धाकटा काका म्हणतो, पूर्वी सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा ग्लू) लावायचे, तोच लाव. काम यंदाच्या गणपतीत उरकायचंय. कोणी केलंय का असं?

रंधेवाला
सरस बाद. ऊब आणि पाणी लागलं की तो सुटतो. जुन्या खुर्च्या उलगडताना हा गुण फार कामाचा, पण ओटीवर पावसाची झड येणार, तिथे नको.

मात्र मला हे दुखणं ग्लूचं वाटत नाही. गणपतीत लाकूड दमट, फुगलेलं. शिमग्यापर्यंत ते वाळतं आणि रुंदीत आकसतं (लांबीत जवळजवळ नाहीच). लोखंडी पट्ट्या तसूभर हलत नाहीत, स्क्रू घट्ट. मग फळी सांध्यातूनच उघडणार. टोकं आधी वाळतात म्हणून तिथे फट मोठी. सांध्याजवळचे स्क्रू राहू द्या, बाकीची पट्टीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने कानशीने लांबट करा, वॉशर घालून बेताने आवळा.

ओटीवरचा
हे डोक्यातच आलं नव्हतं. तरी ग्लू कुठला?

भुसा_आणि_चहा
आधी जुन्या ग्लूची साय काढा. त्यावर नवा ग्लू धरत नाही, मग तो कितीही महागाचा असो. कड ओल्या फडक्याने पुसा: जिथे लाकूड गडद होत नाही तिथे ग्लू शिल्लक आहे. रंध्याचा एक हात मारून ताजं लाकूड उघडं करा. साग तेलकट, म्हणून अ‍ॅसिटोनने पुसून, ते उडालं की लगेच चिकटवा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

कडा उजेडात धरून फट दिसत नसेल तर पाण्याला टिकणारा पांढरा ग्लू पुरे. कड ओबडधोबड असेल तर इपॉक्सी, कारण तो पोकळी भरतो. फक्त शिकंजा जोरात पिळू नका, सगळा बाहेर येईल. माझ्या पहिल्या टेबलाचं तेच झालं होतं.

रंधेवाला
आणि गणपतीत करूच नका. श्रावणात लाकूड फुगून फट आपोआप मिटेल, फसाल. दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर करा. तोवर पट्ट्या शाबूत असतील तर भार त्याच पेलतील, एकदा खाली वाकून गंज तेवढा बघून घ्या.

ओटीवरचा
आत्ताच घरी फोन केला. आई म्हणते, फट मिटलीय, आता कशाला उघडतोस?