पाडकामाच्या मालातून सामाजिक घरं: अख्खा स्लॅब उचलायचा की चुरा करायचा?

धागाकर्ता: राडारोड्यातून कमी उत्पन्न गटासाठी घरं बांधायची म्हटलं की लोक थेट क्रशरकडे बोट दाखवतात. माझ्या मते चुरा हा शेवटचा पर्याय असावा. काँक्रीटमधला बहुतेक कार्बन सिमेंटचा असतो आणि तो चुऱ्यातून परत मिळत नाही. नव्या काँक्रीटला सिमेंट पुन्हा तेवढंच लागतं. खरी बचत स्लॅब, वीट, चौकट अख्खी निघाली तरच. कोपनहेगनच्या 'रिसोर्स रोज' या गृहप्रकल्पात जुन्या विटा सिमेंटच्या मसाल्यातून सुट्या निघेनात, म्हणून भिंतीचेच चौकोनी तुकडे कापून नव्या भिंतींना लावले.

प्रतिसाद १, विरोधात: दर्शनी भिंत ठीक. स्लॅब वेगळा. सलग स्लॅबमध्ये आधारावरचा मोमेंट (वजनानं स्लॅब वाकवणारा जोर) वरच्या सळया घेतात. तोच गाळा (दोन आधारांमधला भाग) कापून दोन भिंतींवर नुसता टेकवला की मधला मोमेंट तिपटीपर्यंत वाढतो, आणि खालच्या सळया त्यासाठी घातलेल्याच नसतात. शिवाय कापलेल्या टोकाला सळईची पकड संपते. भाडेकरूच्या डोक्यावर असा प्रयोग कशाला?

धागाकर्ता: मोमेंट गाळ्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५ मीटरचा स्लॅब पावणेतीन मीटरवर टेकवा, तिपटीचा हिशेब तिथेच मिटतो. टोकाची पकड मात्र वेगळी तपासावीच लागते, हे मान्य. त्याआधी कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून ताकद पाहायची, फेनॉल्फ्थेलीन हे रंग दाखवणारं रसायन फवारायचं: रंग न आलेला, म्हणजे सळईला गंजापासून न वाचवणारा थर सळईपर्यंत पोचला असेल तर तो तुकडा बाद.

प्रतिसाद १: म्हणजे खोलीची रुंदी जुन्या इमारतीनं ठरवायची! पावणेतीन मीटरमध्ये झोपायची खोली बसेल. व्हीलचेअर वळणारं घर आखताना अडचण होईल. गरजूंनाच ही तडजोड का?

प्रतिसाद २: दोघंही चुऱ्याला कमी लेखताय. पण त्याची शिस्त कडक आहे. जुन्या मसाल्याचा थर चिकटलेला असल्यानं चुऱ्याची ही खडी नैसर्गिक खडीच्या कितीतरी पट पाणी पिते. आधी भिजवून पृष्ठभाग कोरडा करून वापरली नाही तर मिक्समधलं पाणी शोषते, स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) पडतो, मग साइटवर कोणीतरी पाण्याचा पाइप धरतो आणि ताकद जाते. आयएस ३८३ (२०१६) हे खडी-वाळूचं भारतीय मानक एम२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) अशी खडी २० टक्क्यांपर्यंतच चालवतं; कमी सिमेंटच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के. पीसीसीत (सळईविना काँक्रीटमध्ये) मर्यादा २५ टक्के; भराव, रस्त्याचा थर इथं ती बिनधास्त घाला. जिप्समचे बोर्ड आणि प्लास्टर मात्र पाडण्याआधीच उतरवा. सल्फेट मिसळला की काँक्रीट पुढे फुगून तडकतं. ॲस्बेस्टॉसचे पत्रे त्याहून आधी, प्रशिक्षित माणसांकडूनच.

प्रतिसाद ३, बाजूनं: विटांचं सांगते. चुन्यातली वीट छिन्नीनं साफ होते, सिमेंटमधली मसाल्याआधी फुटते. पण खरी चूक पुढे होते: आतल्या भिंतीची कमी भाजलेली वीट बाहेर लावली जाते आणि ओल-क्षारांनी तिचे पापुद्रे सुटतात. पाडतानाच आतल्या-बाहेरच्या विटांचे वेगळे ढीग हवेत. ढीग एकदा मिसळले की रंगावरून खात्रीनं वेगळे करता येत नाहीत.

प्रतिसाद १: आणि ते ढीग ठेवणार कुठे? पाडकाम आज, बांधकाम परवानगीनंतर. ठेकेदाराला जागा रिकामी करायची घाई, म्हणून तो जेसीबीच घालणार. निविदेत सुटं करण्याचा दर प्रति नग, मुदत आणि साठवणुकीची जागा लिहिलेली नसेल तर तुमचा अख्खा स्लॅब क्रशरमध्येच जाईल. हे असेल तर दारं, चौकटी, फरशा, विटा यांना माझा विरोध नाही. स्लॅबला आहे, आणि भारचाचणीचे आकडे समोर येईपर्यंत राहील.