फुटपाथ आणि सायकल ट्रॅकसाठी निधी कुठून आणावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नेरूळला आमच्या सोसायटीपासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर, पण मध्येच फुटपाथ गायब. काल सासूबाई भाजीच्या दोन पिशव्या सांभाळत रिक्षांच्या मधून वाट काढत होत्या. सायकलवरच्या पोरांचं तर विचारूच नका! एका कार्यालयात तीनदा गेले, तीनदा "बजेट नाही".

खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो. खासदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. शिवाय आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती. यातून कोणी फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक करून घेतलाय का? पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर चालतं? आणि जागा सिडकोची की पालिकेची, हे आधी कुठे तपासायचं?