'सर्च रिझल्ट'ला मराठीत काय म्हणावं? परिणाम, निकाल की आणखी काही?

मोगरा
आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकांची यादी नुकतीच संगणकावर चढवली. शोधायचं पान मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. 'सर्च'ला 'शोधा' लिहिलं, तिथवर ठीक. अडले ते 'रिझल्ट्स'पाशी. प्रणालीसोबत आलेल्या तयार मराठीत होतं, 'कोणतेही परिणाम आढळले नाहीत'. देवघेवीच्या टेबलाशी एक निवृत्त गुरुजी आले आणि म्हणाले, "ताई, कशाचा परिणाम? मी तर फक्त विहिरीवरचं पुस्तक विचारलं." ते बरोबरच बोलत होते. शनिवारी पान सुरू करायचं आहे. शब्द सुचवा.

कृष्णाकाठ
'परिणाम' नकोच. औषधाचा परिणाम होतो, संगतीचा होतो. आधी काही घडावं लागतं, मग त्याचा परिणाम. 'निकाल'ही नको. तो खटल्याचा, परीक्षेचा, निवडणुकीचा. यादीतून चार पुस्तकं निघाली, त्यात निवाडा कुणी केला? आमच्या सांगलीकडं 'शोध' कुणी म्हणत नाही, 'हुडिक' म्हणतात. बटणावर 'हुडका' लिहा, प्रश्नच मिटला.

शब्दवेल्हाळ
'हुडकणे' कानडीतून आलेलं आहे. कन्नडमध्ये 'हुडुकु' म्हणजे शोध. 'शोध'सारखा तत्सम शब्द हाताशी असताना सार्वजनिक फलकावर प्रांतिक रूप का घ्यायचं? वाचनालयाच्या भाषेत थोडी शिस्त हवी.

कृष्णाकाठ
तूप कानडी, अण्णा कानडी, अक्काही कानडी. अक्कानं वाढलेलं तूप रोज खायचं आणि 'हुडकणे' दाराबाहेर ठेवायचं, ही कसली शिस्त? जो शब्द माझ्या आजीला समजावून सांगावा लागत नाही, तो शुद्ध.

पाटावरवंटा
'शोध' तरी कुठे सरळ आहे! मुळातला धातू शुध्, म्हणजे शुद्ध होणे. माझे आजोबा वैद्य होते. ते 'गुग्गुळ शोधून घेतला' म्हणायचे तेव्हा कपाटात शोधला असं नव्हे, त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवून शुद्ध केला असा अर्थ असायचा. माझा आपला अंदाज असा की मळ काढता काढता हवं ते हाती लागतं, त्यातूनच 'धुंडणे' हा अर्थ पुढे आला असावा. शिवाय मराठीत 'शोध घेणे' वेगळं आणि 'शोध लावणे' वेगळं. शाळेत 'न्यूटनने शोध घेतला' लिहिलं म्हणून माझा एक गुण गेला होता, तो अजून आठवतो.

मांडवीतीर
आमच्या कोंकणीत 'सोद' आणि 'सोदप'. गोव्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही वाचणारे पुष्कळ आहेत. त्यांना 'शोधा' लगेच कळतं, 'हुडका' कळणार नाही.

जुळारी
मी तीस वर्षं अक्षरजुळणीत काढली, म्हणून जरा वेगळं बोलतो. नावाचं नंतर पाहा, आधी यंत्राला मराठी सापडतं का ते पाहा. मोगराताई, गुरुजींनी नेमकं काय टाइप केलं होतं?

मोगरा
'विहीर'. आता उलट बाजूनं तपासलं. त्या विषयावरची निदान तीन पुस्तकं यादीत आहेत, पण नावांत 'विहिरी', 'विहिरींची', 'विहिरीचे' असं आहे. एकही आलं नाही.

जुळारी
तेच म्हणतो. इंग्रजीत शब्दाला शेवटी एक अक्षर जोडलं तरी पुढचा भाग बहुधा तसाच राहतो. आपल्याकडे सामान्यरूप होताना शब्द मधूनच बदलतो. 'विहीर'मधली 'ही' 'विहिरी'त 'हि' होते, म्हणजे दुसऱ्याच अक्षरापाशी वाट बदलली. 'पाणी' टाका, 'पाण्याचा' येणार नाही. आता 'दऱ्या' टाकून बघा.
हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब दिलेला, ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. आणि ते जोडचिन्ह कुठे गाळलं गेलं, तर 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. सह्याद्रीतल्या दऱ्या शोधायला जावं आणि समोर समुद्र यावा. 'ॲ'चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली, त्याआधीचं सगळं 'अ'वर चंद्र ठेवून केलेलं.

मोगरा
'दऱ्या'ला काहीच आलं नाही. 'दर्या'ला कोळ्यांवरचं पुस्तक आलं आणि त्याच्याखाली 'सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या'. मला रडू यायचं बाकी होतं.

नेव्हातीर
मी सेंट पीटर्सबर्गला असते. रशियनमध्येही विभक्तीनं शब्द असाच बदलतो. यांडेक्स हे इथलं सर्च इंजिन 1997 मध्ये सुरू झालं. रशियन शब्दाची रूपं ओळखणं हेच त्याचं मोठं बळ होतं. एक रूप टाकलं की बाकीची रूपंही तो शोधायचा. मराठीवर हे काम झालंच नाही असं नाही, पण वाचनालयांना स्वस्तात मिळणाऱ्या प्रणालींत ते पोचत नाही. नावाचंच म्हणाल तर चिन्यांनी आपल्या सर्च इंजिनाचं 'बायडू' हे नाव सुंग काळातल्या एका कवितेतून घेतलं, अर्थ 'शेकडो वेळा'. परका शब्द त्यांना लागला नाही.

शब्दवेल्हाळ
म्हणूनच म्हणतो, 'शोधयंत्र' रूढ करू या. छान घडवलेला शब्द आहे.

कृष्णाकाठ
छापण्यापुरता छान. बोलताना पोरं 'सर्च मार' म्हणतात आणि आमचे आबा 'गूगलला इचार' म्हणतात. 2017 पासून मराठीत बोलून शोधता येतं, तेव्हापासून आबा खरोखरच इचारतात. 'विचारणे' हे क्रियापद कुणी सुचवलंच नाही.

पाटावरवंटा
मूळ प्रश्नावर येतो. 'सापडलं नाही' असं साधं का नको?

मोगरा
वाचनालयात ते अडचणीचं आहे, दादा. हरवलेलं सापडतं. 'पुस्तक सापडलं नाही' म्हटलं की सभासदाला वाटतं फडताळात चुकीच्या जागी गेलंय. 'मिळालं नाही' म्हटलं की वाटतं दुसऱ्या कुणी नेलंय, परत येईल. 'आढळलं नाही' ही पोलिसांच्या पंचनाम्याची भाषा. तीन क्रियापदं, तीन वेगळ्या बातम्या, आणि मला सांगायची आहे ती चौथीच. म्हणून नाम टाळून सरळ वाक्यच करते आहे, 'या यादीत असे पुस्तक नाही'.

जुळारी
हे मात्र करू नका. गुरुजींच्या विहिरींची तीन पुस्तकं यादीत आहेत. यंत्राला ती दिसली नाहीत, आणि तुम्ही गुरुजींना लेखी सांगणार की ती नाहीतच. परिणाम, निकाल काहीही लिहा, पण हे खोटं लिहू नका.

मोगरा
पटलं. पण मग त्या जागी लिहू काय? 'शब्दाचे दुसरे रूप टाकून पाहा' असं? गुरुजींना कळेल, बाकीच्यांना 'रूप' म्हणजे काय ते सांगत बसावं लागेल.

कृष्णाकाठ
'दुसऱ्या शब्दानं हुडकून बघा.'

शब्दवेल्हाळ
'शोधून पाहा.'