आज रात्री जेवायला पोहे! (तुमच्या घरचे अनुभव लिहा)

काल रविवार. दुपारी मटण झालेलं, पाचला चहा-खारी, आणि आठ वाजता नेहमीचा प्रश्न: रात्री काय? कणीक मळायचा कंटाळा आला होता. धाकटी म्हणाली, "पोहे कर ना." अर्धा किलो जाडे पोहे चाळणीत धुतले, दोन कांदे जास्त घातले, आणि अर्ध्या तासात पाचही माणसं ओट्याभोवती उभ्याउभ्याच खात होती. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "म्हणजे आज जेवण नाही?" मग दोनदा वाढून घेतले, ते वेगळं. तुमच्याकडे सकाळचं काय काय रात्री चालतं? कोणाला चालत नाही?

*

आमच्या लातूरकडे सुशीला. पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा फोनवर आईला विचारलं, "आज रात्री काय?" ती म्हणाली, "सुशीला." मी खूश होऊन मोठ्यांदा म्हणाले, "अरे वा, सुशीला!" रूममेटने विचारलं, मावशी आल्यात का?

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुरमुरे पाण्यात बुडवायचे आणि लगेच मुठीने घट्ट पिळायचे. कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी, वरून फुटाण्याच्या डाळीचं कूट. मुरमुरे पाण्यात राहिले तर लगदा होतो, एवढंच सांभाळायचं. बाबा दुकान बंद करून साडेनऊला यायचे, चप्पल काढून हातपाय धुवेपर्यंत ताट तयार.

*

आमच्याकडे उकड. पावसाळ्यात, दिवे गेलेले असताना. रत्नागिरीच्या घरी आजी ताक मुद्दाम आंबट होऊ द्यायची. लसूण चांगला लाल करायचा, हिंग, मिरची, कढीपत्ता, मग ताक-पाणी, आणि उकळी आली की तांदळाचं पीठ. एका वाटीला अडीच-तीन वाट्या ताक-पाणी लागतं. पीठ पडलं की उलथन्याच्या दांड्याने भराभर घोटायचं, गुठळी राहिली की आजी ती ज्याच्या ताटात जाईल त्याच्याकडे बघून हसायची. झाकण ठेवून दोन वाफा. ताटलीत पसरून मधे खळगा, त्यात कच्चं तेल. कडेकडेने खात आत यायचं, कारण मधे जीभ भाजते. सकाळी हीच उकड असली की आम्ही नाक मुरडायचो. कंदिलाच्या उजेडात मात्र भांडून खायचो. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

*

सगळे "सोपं, झटपट" म्हणताय म्हणून जरा बोलते. पोहे, उपमा, सुशीला, उकड ठीक आहे, एकदा केलं की सगळे बसतात. पण थालीपीठ, धिरडी, घावन, डोसे? "आज स्वयंपाक नको गं, नुसती थालीपिठं लाव." नुसती! भाजणी भिजवा, तव्यावर थापा, भोकं पाडून तेल सोडा, झाकण ठेवा, आणि एकेक गरम पानात टाका. चार माणसांची दहा थालीपिठं, एकेकाला सहा-सात मिनिटं, म्हणजे तासभर मी तव्याशी. वरण-भात-भाजी-पोळी केली तर निदान सगळ्यांबरोबर बसता तरी येतं. थालीपिठाच्या रात्री मी शेवटची, गार लोण्याबरोबर, एकटी. सुट्टी कोणाला मिळाली ते सांगा.

*

वरचं वाचून गप्प बसलो होतो, कारण आमच्या घरी अगदी हेच. आता दोन तवे घेतलेत. दुसऱ्यावर मी. माझी धिरडी जाड होतात, मुलं म्हणतात "बाबांचं धिरडं अर्धंच द्या."

*

नागपूरकर हजर. तर्री पोहे सकाळीच ठेल्यावर खायचे, ही श्रद्धा. पण थंडीत रात्री आमच्याकडे घरीच होतात. काळे चणे सकाळीच भिजवून ठेवावे लागतात, नाहीतर बेत फसला. पोहे साधे, तर्री झणझणीत, वरून कांदा आणि शेव. जेवण म्हणून पोट भरतं का असं विचारणाऱ्यांनी तिसरी प्लेट घेऊन पाहावी.

*

गोव्यात हे आपोआप घडतं. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी येतो तसा संध्याकाळीही, सायकलचा भोंगा वाजवत. सोमवारी आमच्याकडे मासे नाहीत, म्हणून रात्री बटाट्याची नाहीतर वाटाण्याची पातळ भाजी आणि गरम उंडे, म्हणजे गोल पाव. म्हणजे नाष्ट्याचंच सगळं. आई याला जेवणच म्हणते, फक्त बशीऐवजी ताट घेते.

*

इंग्लंडमध्ये आहोत, लीड्सला. इथे हिवाळ्यात इडलीचं पीठ रात्रभरात फुगत नाही. ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते, तरी सकाळी तसंच. दुपारनंतर जरा वर येतं. त्यामुळे इडली ही आमच्या घरात रात्रीचीच गोष्ट आहे, मुलांना ती सकाळी खातात हे भारतात आल्यावर कळलं. आणि पॅनकेकचा मंगळवार असतो, ख्रिश्चनांचे लेंटचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. २०२५ मध्ये तो ४ मार्चला होता. शेजारी घरोघर रात्री पॅनकेक, लिंबू आणि साखर. आमच्याकडे गुळाची गोड धिरडी. मुलगी शाळेत सांगून आली की आमचे पॅनकेक चॉकलेटी रंगाचे असतात.

*

थोडं वेगळं. ताईला बघायला येणार होते, संध्याकाळी सहाला. दहा माणसांचे पोहे भिजवून झाले आणि फोन आला, येत नाही. कारण दिलं नाही. घरात कोणी बोलेना. शेवटी ताईच उठली, कढई चढवली, म्हणाली, "पोहे कशाला वाया घालवायचे?" साडी न बदलता तिने सगळ्यांना वाढले. त्यात लिंबू जास्त पडलं होतं. आम्ही रात्री नऊला पुन्हा तेच खाल्ले.

*

थालीपीठवाली परत आलेय. माझं लिहिलेलं मुलाला वाचून दाखवलं. शनिवारी तो म्हणाला, तू बस. पहिलं तव्याला चिकटलं, दुसरं पलटताना दुमडलं, तिसऱ्याचा पार नकाशा. मी जागची हलले नाही. (बरं, दोनदा उठले. गॅस फार मोठा होता.) चौथं खरंच छान झालं, कडेने कुरकुरीत, आणि ते त्याने माझ्या पानात टाकलं. ओटा मात्र मीच पुसला.